निनावी खाते, नावानिशी खटला
(लेखमाला : कायदा आणि आपण, भाग 9)

मार्च 2025 मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेच्या शिक्षकाने फेसबुकवर लिहिले, की अठरा वर्षे राबूनही पगार मिळालेला नाही. संस्थेतल्या माणसांची नावे घेतली आणि आयुष्य संपवले. त्या आरोपांचा निवाडा करणे आपले काम नव्हे. पण तेव्हापासून विनाअनुदानित शाळांतले शिक्षक मला एकच प्रश्न दबक्या आवाजात विचारतात : “सर, नाव न टाकता लिहिलं तर?”

लिहिता येते. खोट्या नावाने खाते काढून संस्थाचालकाबद्दल खरे लिहिणे हा मुळात गुन्हा नाही. मात्र ते खाते गावापासून लपते, कायद्यापासून नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे समाजमाध्यम कंपनीला खाते बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती 180 दिवस जपावी लागते आणि तपास यंत्रणेने रीतसर मागितली, तर 72 तासांत द्यावी लागते. पुतण्याच्या नावावरचे सिमकार्ड वापरले तर? पोलीस आधी पुतण्याच्या दारात उभे राहतील, एवढाच फरक.

बदनामीचे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत 499-500 होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम 356 झाले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आता समाजसेवाही. हा अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणून ‘उद्याच आत टाकतो’ ही संस्थाचालकाची धमकी बहुधा पोकळच असते; त्याला आधी दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते.

बचाव काय? ‘खरे आहे’ एवढे म्हणून भागत नाही, ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. पत्रकार प्रिया रमाणी यांनी मुंबईतल्या एका हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीवेळी आलेल्या गैरवर्तनाच्या अनुभवाबद्दल 2018 मध्ये ट्विटरवर स्वतःच्या नावाने लिहून मुलाखत घेणाऱ्या एम. जे. अकबर यांचे नाव घेतले. अकबर यांनी बदनामीचा खटला भरला. 17 फेब्रुवारी 2021 रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडले. दोन वर्षांहून अधिक काळ तारखा खाव्या लागल्या, हे मात्र निकालाच्या बातमीत कोणी वाचत नाही.

जागल्यांसाठी 2014 चा कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. तो संसदेत मंजूर झाला, पण अंमलात आणलेला नाही. शिवाय त्यातही निनावी तक्रारीची दखल नाही. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवताना नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांची हत्या झाली. भीती खोटी नाही, म्हणून निनावी लिहिणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही.

तरीही माझे मत ऐकाल तर फेसबुकआधी शिक्षणाधिकारी. ज्याला त्या बाबतीत अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या अपवादात बसते. पोस्टला हे कवच आपोआप मिळत नाही. अर्जात विशेषणे नकोत. तारखा, रकमा आणि हजेरीपटाच्या प्रती हव्यात. आवक खिडकीवर पोच घेतल्याशिवाय हलू नका.

एवढे करूनही खासगी शाळेने नोकरीवरून काढलेच, तर खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करता येते. ते कसे करायचे, पुढच्या आठवड्यात सांगतो. तोवर नेमणुकीचा आदेश शोधून ठेवा.