नेरुळला जग आलं तेव्हा

१२ ऑक्टोबर २०१७, गुरुवार. भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा दिवस. नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर संध्याकाळी पाचला तुर्कस्तान आणि पॅराग्वे, रात्री आठला अमेरिका आणि कोलंबिया. त्याच आठच्या ठोक्याला दिल्लीत भारताची मुलं घानाविरुद्ध उतरली होती. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून नेरुळला पोचलेल्या प्रेक्षकांचे डोळे कोलंबियाच्या पासांवर होते आणि हातातला मोबाइल दिल्लीचा गोलफलक दाखवत होता. घाना ४, भारत ०. इकडे कोलंबियाने अमेरिकेला ३-१ असं हरवलं आणि गटात घाना, कोलंबिया, अमेरिका या तिघांचे प्रत्येकी सहा गुण झाले. गटातली खरी चुरस आपल्या मैदानावर लागली होती, फक्त आपला संघ तिथे नव्हता.

खरं तर भारताचे सामने नवी मुंबईतच व्हायचे होते. ते राजधानीत व्हावेत असा आग्रह केंद्र सरकारने धरला आणि भारताचा गट दिल्लीला गेला. नवी मुंबईच्या वाट्याला आला पॅराग्वे, माली, न्यूझीलंड आणि तुर्कस्तानचा गट. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता. या मुलांना बघायला ठाण्यातल्या शाळकरी खेळाडूला आता दिल्लीचं तिकीट काढावं लागणार होतं. आधीच्या महिन्यात, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने शाळाशाळांतून फुटबॉल वाटून लाखो मुलांना एका दिवशी खेळायला लावलं होतं. ज्यांच्या हाती चेंडू दिला, त्यांच्यापासून आपला संघ हजारभर किलोमीटर लांब नेला. ही सल आजही जात नाही.

मग अमेरिका आणि कोलंबिया नेरुळला आले कसे? त्याचं मूळ स्पेनमधल्या गिहोन शहरात आहे. १९८२च्या विश्वचषकात अल्जीरियाचा शेवटचा गटसामना आदल्या दिवशीच आटोपला होता. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा कुठला निकाल दोघांनाही पुढे नेईल हे त्यांना ठाऊक होतं. जर्मनीने एक गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडेतिकडे करत काढला. अल्जीरिया घरी गेला. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवायचे असं ठरलं. दोन सामने एकाच वेळी म्हणजे दोन मैदानं, आणि भारतासारख्या देशात दोन मैदानं म्हणजे दोन शहरं. म्हणून ९ ऑक्टोबरचे सामने संपताच माली आणि न्यूझीलंड दिल्लीला निघाले, अमेरिका आणि कोलंबिया मुंबईला. हातात मधले दोन दिवस. त्यात विमान, हॉटेल, सराव आणि सोळा-सतरा वर्षांच्या पायांना विश्रांती.

प्रेक्षकांचंही एक वेळापत्रक होतं. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स हार्बरची नेरुळ-पनवेल गाडी पकडायची. सकाळी हीच गाडी ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या कंपन्यांत जाणाऱ्यांनी खचाखच भरते. संध्याकाळी तो लोंढा ठाण्याकडे परततो, त्यामुळे सामन्याला निघालेल्यांना उलट्या दिशेने बसायला जागा मिळायची. कसोटी लागायची ती परतताना. दहाच्या सुमारास सामना संपला की नेरुळ स्टेशनपर्यंत चालायचं, ठाण्याला उतरून जिना चढायचा आणि कर्जत किंवा कसारा गाठायची. बदलापूर-टिटवाळ्याकडची मुलं भरपाई वेळ सुरू झाला की इंडिकेटरची चिंता करू लागत. डोंबिवलीहून गाडी करून यावं तर शिळफाट्याची कोंडी. कल्याणहून ठाण्याला न जाता थेट नवी मुंबईत उतरवणारा कळवा-ऐरोली उन्नत मार्ग २०१६ साली मंजूर झाला होता, पण स्पर्धेच्या वेळी तो कागदावरच होता.

या सगळ्यात लळा लागला तो मालीचा. ६ ऑक्टोबरला ते पॅराग्वेकडून ३-२ हरले, ९ तारखेला तुर्कस्तानला ३-० धुऊन काढलं. इथल्या प्रेक्षकाला मालीची राजधानीही कदाचित सांगता आली नसती, तरी दुसऱ्या सामन्यापर्यंत गॅलरीतून त्यांच्याच नावाचा घोष सुरू झाला. त्यांचा पुढचा प्रवास बघा. दिल्लीत न्यूझीलंडवर ३-१, मडगावला इराकवर ५-१, गुवाहाटीत पावसाने लदलदलेल्या मैदानावर घानाशी उपांत्यपूर्व सामना आणि २-१ असा विजय. सहा यजमान शहरांपैकी एक कोची सोडलं तर ही मुलं सगळीकडे खेळली. घाना-माली ही पश्चिम आफ्रिकेतली जुनी खुन्नस. ती ब्रह्मपुत्रेकाठी चिखलात खेळली गेली आणि त्या मैदानाची अशी दशा झाली की ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना ऐनवेळी कोलकात्याला हलवावा लागला.

त्याआधी घानाही आपल्याकडे येऊन गेला होता. १८ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर, ठाण्याच्या राममारुती रोडवर नवे कपडे घालून हजेरी लावायची आणि संध्याकाळी नेरुळला घाना-नायजर बघायचं, अशी दिवाळी आमच्या भागाला पहिल्यांदाच लाभली. नायजरची विश्वचषकातली ही पहिलीच खेप. ते ०-२ हरले, पण अखेरपर्यंत लढले.

२५ ऑक्टोबरला उपांत्य सामन्यासाठी माली नेरुळला परतला, समोर स्पेन. अबेल रुइझने मध्यंतरापूर्वीच दोन गोल केले. दुसऱ्या सत्रात शेख डुकुरेने लांबून हाणलेला चेंडू आडव्या खांबाच्या खालच्या बाजूला आपटून रेषेच्या आत पडला आणि बाहेर उसळला. पंचांनी गोल दिला नाही. गोलरेषेवर तपासणी करणारं तंत्र त्या स्पर्धेत नव्हतं. थोड्याच वेळात फेरान तोरेसने तिसरा गोल केला. लसाना न्डियायेने एक फेडला, सामना ३-१ संपला. तो गोल दिला असता तर काय झालं असतं, हा वाद मी अजूनही घालतो. महिनाभरात देशाच्या चारही दिशा पालथ्या घातलेल्या संघाला हक्काचा गोल नाकारला गेला याचं वाईट वाटतंच.

सव्वाचार वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, महिलांचा आशियाई चषक आला. या वेळी भारत नेरुळलाच खेळणार होता. पण राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण ४ डिसेंबर २०२१ ला डोंबिवलीत सापडला होता आणि जानेवारीत लाट शिगेला पोचली. स्पर्धा प्रेक्षकांविना झाली. २० जानेवारीला भारताने इराणशी ०-० बरोबरी केली. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध संघ उभाच राहू शकला नाही, कारण इतक्या मुली बाधित झाल्या होत्या. यजमान स्पर्धेबाहेर आणि त्यांचा तो एकमेव निकालही रद्द. ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरिया २-० पुढे असताना चीनने तीन गोल केले, शेवटचा भरपाई वेळेत शाओ युयीचा. आशियातल्या दोन कडव्या प्रतिस्पर्ध्यांचा हा सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. त्याच दिवशी लतादीदी गेल्या होत्या, साऱ्यांचं लक्ष शिवाजी पार्ककडे होतं. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी ७२ तासांचा ब्लॉकही त्याच दिवसांत चालू होता. दारं उघडी असती तरी कल्याणकरांना नेरुळ गाठणं अवघडच गेलं असतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक झाला. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली होती. ती २६ ऑगस्टला उठली म्हणून स्पर्धा वाचली. भारताचे तिन्ही सामने भुवनेश्वरला, नेरुळच्या वाट्याला पुन्हा इतरांची चुरस. १२ ऑक्टोबरला इथे स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. ३० ऑक्टोबरला, रविवारी, अंतिम सामन्यात तेच दोन संघ समोरासमोर आले आणि निकालही तोच लागला. यावेळी गोल कोलंबियाच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेला. त्याआधी तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरियाने जर्मनीला पेनल्टींवर नमवलं होतं.

तीन स्पर्धांत नेरुळच्या मैदानावर भारत एकदाच खेळला आणि तो सामना बघायला कुणालाही आत सोडलं नाही. ज्या मुलांनी २०१७ ला मालीसाठी घसा बसवला, ती आता नोकरीला लागली असतील, त्यातली काही रोज त्याच ट्रान्स हार्बरने ऐरोलीला उतरत असतील. पुढची स्पर्धा इथे येईल तेव्हा भारताचा निदान एक सामना, प्रेक्षकांसह, नेरुळला हवा, अशी मागणी ठाणे जिल्ह्यातल्या क्लबांनी मैदानवाटप ठरण्याआधीच लावून धरली पाहिजे. ड्रॉ निघाल्यावर उशीर होतो. त्याच्याच जोडीला कळवा-ऐरोलीचा तगादा. त्या प्रकल्पातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, उन्नत मार्ग मात्र तेव्हाही झालेला नव्हता. कल्याणचा प्रेक्षक ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरकडेच वळत होता.