नाडीखालचा चट्टा

परकराच्या नाडीखाली, कमरेवर, एक काळसर चट्टा दोन वर्षे सुखाने नांदत होता. कधी खाज, कधी खपली. मुलींच्या वह्यांतली चूक दिसताच लाल शाई उचलणारी मी. पण या चट्ट्यावर खोबरेल चोपडून गप्प! दाखवायचा कसा, ही लाज.

शेवटी थोरल्या जाऊबाईच म्हणाल्या, "लाजतीस काय? उद्या चल, मी येते संगं."

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिले आणि कणभर कातडी काढून तपासणीला धाडली. त्यांच्याकडूनच कळले, की घट्ट गाठीने वर्षानुवर्षे कातडी घासून होणाऱ्या 'धोतर-कर्करोगा'वर मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. खानोलकर यांनी सहकाऱ्यासह १९४५ सालीच लिहिले होते. पुढे साडीच्या नाडीखालीही तो आढळला. क्वचितच होणारा, आणि वेळीच काढला तर बहुधा पुरता बरा होणारा.

आठ रात्री झोप नव्हती. नवव्या दिवशी निकाल आला : साधा इसब!

आता नाडीच्या जागी रुंद पट्टा आहे, गाठही सैल. भगिनींनो, नाडीखालचा चट्टा महिनाभरात बरा झाला नाही, तर लाज सोडा. जाऊबाई असल्या तर त्यांना संगं घ्या. नसल्या तर एकट्या जा.