आमिष संपते, मासा लागत नाही! हलकी टोच ओळखणारा फिशिंग रॉड कसा निवडायचा?

लोहा : थंडीच्या दिवसांत लिंबोटी धरणाच्या काठावर गळ टाकून बसलेल्यांची तक्रार ठरलेली असते. कणकेचा गोळा गायब, गळ रिकामा आणि काठी जागची हललीसुद्धा नाही. मग मोबाइलवर महागडा रॉड शोधला जातो. तो घरी येतो, तरीही गळ रिकामाच. असे का होते?

मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक कमी होते आणि तो आमिषावर तुटून पडत नाही. त्यात रोहू, मृगळ, सायप्रिनस हे कार्प कुळातले मासे चावा घेण्याऐवजी पाण्यासकट आमिष तोंडात ओढतात आणि संशय आला तर लगेच थुंकतात. एवढ्याच वेळात टोच कळली पाहिजे.

बर्फावरच्या काठीकडून काय शिकायचे?

अमेरिकेतील मिनेसोटा किंवा फिनलंडमध्ये हीच अडचण कितीतरी मोठी आहे. तिथे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतात. खालचे पाणी 0 ते 4 अंश सेल्सिअस, त्यामुळे मासा जेमतेम आमिषाला तोंड लावतो. म्हणून तिथली काठी दोन-अडीच फुटांचीच, पण तिचा शेंडा इतका मऊ की हलक्या स्पर्शानेही वाकतो. काही जण शेंड्याला बारीक स्प्रिंगही लावतात. बुडख्याकडचा भाग मात्र ताठ असतो, कारण मासा लागल्यावर त्याला वर ओढायचे काम तोच करतो.

लोह्यात दोन फुटांची काठी कामाची नाही. काठावरून आमिष लांब टाकायचे तर 6 ते 7 फूट लांबी लागतेच. पण मऊ शेंडा आणि ताठ बुडखा हे सूत्र मन्याड नदीच्या पाण्यातही तसेच लागू पडते.

कार्बन की फायबर?

कार्बनचा धागा काचेच्या धाग्यापेक्षा साधारण 3 पट ताठ आणि वजनाने हलका असतो. त्यामुळे टोचेचा कंप हातापर्यंत पोहोचतो. फायबरग्लासचा शेंडा जास्त वाकतो, म्हणून तिथे टोच डोळ्यांना दिसते. काठी हातात धरून बसणार असाल तर कार्बन घ्या. दगडात रोवून चहा प्यायला जाणार असाल तर फायबर बरा. हातात नसलेल्या कार्बनचा कंप कोणाला कळणार?

रॉडवर बुडख्याजवळ लिहिलेले आकडे बहुतेक जण वाचतच नाहीत. ‘अल्ट्रालाइट’ किंवा ‘लाइट’ असे लिहिलेले आणि आमिषाचे वजन 10 ग्रॅमच्या आत दाखवणारे रॉड हलक्या टोचेसाठी असतात. ‘हेवी’ रॉड मोठ्या माशांचे. चिलापीने टोचले तर त्याला पत्ताही लागत नाही.

दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. काठी आडवी धरा आणि टोकाला दोऱ्याने 1 रुपयाचे नाणे लटकवा. नाण्याचे वजन 3 ते 4 ग्रॅम भरते. शेंडा स्पष्ट वाकला तर काठी कामाची, ढिम्म राहिली तर परत ठेवा.

तंगूस आणि तरंगा

चांगल्या काठीवर जाड तंगूस लावला की पैसे पाण्यात. नायलॉनचा तंगूस रबरासारखा ताणतो आणि छोटी टोच मधेच गिळतो. लहान-मध्यम माशांसाठी 0.20 मिमीच्या आसपासचा तंगूस पुरतो. विणलेला दोरा जवळपास ताणत नाही, मात्र दगडावर घासला की लवकर तुटतो.

खरी गंमत तरंग्यात आहे. 10 घन सेंटीमीटरचा थर्माकोलचा तुकडा पूर्ण बुडवायला जवळपास 10 ग्रॅमचा जोर लागतो. थंडीतला मासा कशाला एवढी मेहनत घेईल? त्याऐवजी पेन्सिलपेक्षा बारीक काडीसारखा तरंगा घ्या आणि फक्त टोक पाण्याबाहेर राहील इतके शिशाचे मणी तंगुसावर लावा. आता 1 ग्रॅमपेक्षाही कमी जोराने तो बुडतो. मृगळ तळाशी चरतो. त्याने आमिषासकट मणी उचलला तर तरंगा बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. अनेक जण तेव्हाही बुडण्याचीच वाट पाहत बसतात आणि मासा निसटतो.

साध्या बांबूच्या काठीवरही हा तरंगा चालतो. बजेट कमी असेल तर आधी हे करून पाहा, रॉड नंतर.

विजेपासून सांभाळा

कार्बनमधून वीज वाहते, ही गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. धरणाकाठी शेतीपंपांच्या तारा अनेक ठिकाणी खाली लोंबतात. लांब कार्बन रॉड उभा धरून त्यांच्याखालून जाणे जिवावर बेतू शकते. काठी मोडून, आडवी धरूनच चाला. अवकाळीचे ढग गडगडू लागले तर रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर, पक्क्या छताखाली जा. झाडाखाली थांबू नका.

आणखी एक, राज्यातील अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतात. लिंबोटी असो, बारूळ असो की नांदेडचे विष्णुपुरी, गळ टाकण्यापूर्वी तिथल्या संस्थेकडे किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात परवानगीची चौकशी करा.