पाचवा नंबर

त्या पोस्टरवर पाच फोन नंबर होते. नऊ वर्षांनी कुणीतरी ते फिरवून पाहिले. चार बंद. पाचवा लागला, तो शेजाऱ्याचा होता.

२२ जानेवारी २०१३ ची सकाळ. अंधेरीतली सात वर्षांची मुलगी शाळेच्या वाटेवर भावाशी खाऊच्या पैशांवरून भांडून मागे राहिली. एका माणसाने आइस्क्रीमचं आमिष दाखवून तिला नेलं. डी. एन. नगर पोलीस ठाण्यात २००८ ते २०१५ या काळात १६६ मुली हरवल्याची नोंद झाली, त्यातल्या १६५ सापडल्या. राहिली ती हीच. तिथले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, पण तिचा शोध त्यांनी सोडला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या मुलीसोबत काम करणाऱ्या एका बाईने तिचं नाव टाकून इंटरनेटवर शोधलं आणि ती हरवल्याचं ते जुनं पोस्टर समोर आलं. मुलगी तेव्हा आईच्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर राहत होती!

मला त्या शेजाऱ्याचं फार मोल वाटतं. नंबर बदलला नाही, एवढंच त्याने केलं, आणि एका आईला लेक परत मिळाली.

मूल दिसेनासं झालं की घरातले आधी नातेवाइकांकडे, मग मित्रांकडे विचारत फिरतात. ‘चोवीस तास वाट बघा’ असं सांगणारंही कुणी ना कुणी भेटतंच. हे साफ चुकीचं आहे. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली तर ते अपहरण किंवा तस्करी धरूनच गुन्हा नोंदवायचा. हद्दीचं कारणही चालत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. ११२ आणि १०९८ हे नंबर तर दिवसरात्र चालू असतात. पहिल्या तासात मूल सहसा फार लांब गेलेलं नसतं, म्हणून त्याच तासात अलीकडचा फोटो आणि अंगावरच्या कपड्यांचा रंग पोलिसांच्या हाती पडायला हवा. एकटं, भेदरलेलं मूल आपल्याला दिसलं, तर चोवीस तासांच्या आत कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

पण सावधगिरी आणि भीती यांची गल्लत झाली की काय होतं, हे धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने पाहिलंय. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. त्या वर्षी देशभर मोबाइलवर फिरणारा पोर उचलण्याचा व्हिडिओ मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली फिल्म होती. त्यातले लोक मुलाला परत आणून सोडतात, आणि नेमका तोच शेवट कुणीतरी कापला होता. संशय आला तर फोन पोलिसांना करायचा, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ओरड करायची नाही, हे माझ्या मते गावागावांत सांगायलाच हवं.

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढंच आपण मुलांना बजावतो. पण हरवलेल्या मुलाला वाचवणारा माणूस अनोळखीच असतो, आणि त्याला काहीतरी सांगता यायला लागतं. परवा माझ्या सहा वर्षांच्या भाचीला विचारलं, आईचं नाव काय? म्हणाली, “आई.” आणि नंबर? “मोबाइलमध्ये आहे.” त्या संध्याकाळी पाढ्यांसारखा तो तिच्याकडून घोकून घेतला. आठवा आकडा दर वेळी चुकत होता. झोपायच्या आधी बरोबर आला. सकाळी उठल्या उठल्या मी तिला पुन्हा विचारला.