जुन्या मोटारीचे सुटे भाग

जुनी मोटार दुरुस्त करून नव्यासारखी केली कीं मालकास वाटतें, आतां काम संपलें. रंग झाला, निकेल चढलें, गाद्यांस नवें कापड आलें, आणि पहिल्याच रविवारीं गाडी बारामतीहून इंदापुरास जाऊन आली. वस्तुतः खरें काम तेथूनच सुरू होतें. सहा महिन्यांनीं पाण्याचा पंप गळूं लागतो, वर्षाच्या आंत एखादें बेअरिंग वाजूं लागतें, आणि मग प्रश्न पडतो कीं, हा भाग आतां मिळणार कोठें? ज्या कारखान्यानें गाडी बनविली त्यानें ती बनविणें केव्हांच सोडलें, आणि दुकानदार गाडीचें नांव ऐकूनच मान हालवितो. या प्रश्नाचें उत्तर बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत राहणाऱ्यानें कसें शोधावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

उदाहरणासाठीं आपण फियाट घेऊं. कारण तिचें आपल्या मातीशीं नातें आहे. ज्या वालचंद हिराचंदांच्या नांवानें इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर वसलें, त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढें १९५४ पासून इटलीची फियाट ११०० तेथून निघूं लागली. तिच्या आरंभींच्या गोलसर रूपाला लोकांनीं ‘डुक्कर फियाट’ असें नांव ठेविलें. मागून सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशीं तिचीं रूपें आलीं, आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. तरीहि मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी धांवत होत्या, तोंवर तिचे भाग बनविणारास गिऱ्हाईक होतें. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेंतून गेली. आतां जें गिऱ्हाईक उरलें तें तुमच्याआमच्यासारख्या हौशी मालकांचेंच.

भाग शोधण्यापूर्वीं आपणांस नेमकें काय हवें आहे, हें ठरविलें पाहिजे. ‘फियाटचें दार द्या’ एवढें म्हणून भागत नाहीं. आरंभींच्या फियाटचें पुढचें दार मागल्या बाजूस टांगलेलें असे व तें उलटें उघडे. नंतरच्या गाड्यांत तें नेहमींसारखें झालें. तेव्हां एकीच्या बिजागऱ्या व कड्या दुसरीस बसणें शक्य नाहीं. म्हणून चासीचा व इंजिनाचा क्रमांक वहींत लिहून ठेवावा, आणि मोडका भाग हातांत घेऊनच बाजारांत जावें. आट्यांचीहि गोष्ट तशीच. फियाट इटलीची, म्हणून तिचे आटे मिलिमीटरच्या मापाचे. अँबॅसॅडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, म्हणून तिच्या मूळ इंजिनाचे आटे इंची मापाचे. फियाटच्या इंजिनाचें हेड ॲल्युमिनियमचें, म्हणजे मऊ धातूचें असतें. त्यांत घाईनें इंची बोल्ट पिळला, तर बोल्टास कांहीं होत नाहीं, हेडाचे आटे मात्र जातात.

आतां भागांचे तीन वर्ग करूं. पहिला वर्ग अशा वस्तूंचा कीं, ज्या मोटारीच्या नांवानें मागितल्या तर मिळत नाहींत, पण मापानें मागितल्या तर कोठेंहि मिळतात. बेअरिंगावर क्रमांक कोरलेला असतो. समजा, तो ६२०५ आहे. शेवटच्या दोन अंकांस पांचानें गुणिलें कीं आंतील छिद्राचें माप मिळतें, म्हणजे २५ मिलिमीटर. बाहेरील व्यास ५२ व रुंदी १५, हेंहि त्या क्रमांकानेंच ठरलेलें आहे. हाच क्रमांक जगांतील कोणत्याहि कारखान्याच्या बेअरिंगावर याच मापाचा असतो. विहिरीवरील मोटारीचें बेअरिंग विकणारा दुकानदार आपणांस फियाटचें बेअरिंग देऊं शकतो. त्यास फियाट ठाऊक असण्याची गरज नाहीं. तेलाचें सील आंतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी या तीन मापांनीं मिळतें. पट्टा लांबीनें व रुंदीनें मिळतो.

दुसरा वर्ग दुरुस्तीनें पुनः जिवंत होणाऱ्या भागांचा. आणि आपल्या भागाचें खरें सामर्थ्य येथेंच आहे. हा प्रदेश उंसाचा. जेथें साखर कारखाने आहेत, तेथें चरकाचे लाट गनमेटलच्या बेअरिंगांत फिरतात, तीं झिजतात, आणि गळिताच्या हंगामांत कारखाना बंद ठेवून चालत नाहीं. वालचंदनगरच्या कारखान्यांतून तर साखरेच्या यंत्रांपासून अग्निबाणांच्या भागांपर्यंत कामें झालीं आहेत. अशा मुलखांत लेथवर बसून मापाबरहुकूम बुश काढून देणारा कारागीर दुर्मिळ नसतो. जो चरकाचें बुश कातूं शकतो, त्यास पाण्याच्या पंपाचा दांडा किंवा शॅकलचें बुश जड नाहीं. मात्र माप त्यास आपण दिलें पाहिजे. जो शेतकऱ्याची जळालेली मोटर गुंडाळून देतो, तो डायनामोचें आर्मेचरहि गुंडाळूं शकतो. ब्रेकच्या नालांस नवें अस्तर बसतें, क्लचप्लेटचें तसेंच. पाटे पुनः तापवून पाणी देतां येतात. फियाट ११०० च्या सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर. तो झिजला तर किंचित् मोठा कातून मोठे पिस्टन घालावे, आणि तेंहि होऊन चुकलें असेल तर स्लीव्ह बसवून पुनः मूळ मापावर यावें.

तिसरा वर्ग कांचा, बंपर, दिव्यांच्या कडा, नांवाच्या पट्ट्या यांचा. येथें बाजार हिंडण्यावांचून गति नाहीं. पुण्याची नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार हीं जुनीं ठिकाणें. तेथें जातांना गरज एका भागाची असली तरी दोन मिळाल्यास दोन घ्यावे. पुढल्या खेपेस तोहि मिळेलच, असें नाहीं.

कांहीं भागांच्या बाबतींत मात्र काटकसर किंवा हिकमत मुळींच करूं नये. ते म्हणजे ब्रेक व स्टिअरिंग. येथें माझीच चूक सांगतों. एकदां ब्रेकचें मास्टर सिलिंडर उघडलें असतां मीं तें साध्या तेलानें पुसून घेतलें. ब्रेकचें तेल हें खनिज तेल नव्हे, आणि त्यांतील रबरी कप खनिज तेलानें फुगतात. फुगलेला कप परतीचें बारीक छिद्र झांकून टाकतो. मग पायडल सोडलें तरी दाब उतरत नाहीं. भिगवणहून इंदापूरकडे जातांना चारहि चाकें हळूहळू जाम झालीं आणि ड्रम हात लावूं नये इतके तापले. महामार्गावर मागून ट्रक येत असतां गाडी आपोआप थांबते, तेव्हां काय वाटतें, तें मीं त्या दिवशीं अनुभविलें. म्हणून हें सिलिंडर केवळ ब्रेकच्याच तेलानें धुवावें, आणि कप नवे, योग्य जातीचे घालावे. स्टिअरिंगचे सांधे तर जुन्यांस वेल्डिंग करून कधींच वापरूं नयेत.

आतां एका नव्या अडचणीचा विचार करूं. २०२५ पासून आपल्या देशांत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्यांत येतें. तें बहुतांशीं ऊंस व धान्य यांपासून निघतें. म्हणजे आपल्याच शिवारांतला ऊंस आपल्या जुन्या गाडीच्या टांकींत उतरतो. शेतकऱ्यास त्यानें लाभ आहे, परंतु ही गाडी त्या इंधनासाठीं बनविलेली नव्हती. इथेनॉल जुनें रबर फुगवितें व कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्र धातूस खातें. हवेंतील ओल शोषून घेतें, आणि पाणी फार झालें कीं त्यासह टांकीच्या तळाशीं वेगळें बसतें. त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांशच असल्यामुळें जुन्या जेटमधून इंधन कमी पडतें व इंजिन तापतें. उपाय महाग नाहींत. पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्यावा, जेट किंचित् मोठा बसवावा, आणि टांकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवूं नये.

दुरुस्ती करतांना कायदाहि ध्यानांत ठेवावा. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें झालेली, आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत फेरफार न केलेली गाडीच त्यांत बसते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. मात्र अशी गाडी नित्याच्या किंवा धंद्याच्या कामास वापरतां येत नाहीं. म्हणून सुटा भाग मिळेना म्हणून रागानें दुसऱ्या गाडीचें डिझेल इंजिन बसवूं पाहणाऱ्यानें आधीं दहादां विचार करावा. तें इंजिन एका दिवसांत बसेल, पण गाडीचा हा मान कायमचा जाईल.

शेवटीं एकच सांगणें आहे. मोडका भाग कधींहि भंगारांत देऊं नका. तो निरुपयोगी दिसला तरी तोच पुढल्या कारागिराचा नमुना होय. एक बुश कातून घ्याल तेव्हां दोन घ्या, माप वहींत लिहा, आणि काम चाललें असतां घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस शेजारीं उभें करा. फियाट हातानें ओळखणारे मिस्त्री आतां वृद्ध झाले आहेत. लोखंडाचा भाग पुनः बनवितां येतो. त्यांच्या हातांतलें ज्ञान त्यांच्याबरोबर गेलें, तर तें कोणत्याहि बाजारांत मिळावयाचें नाहीं.