समुद्रातलं लोखंड मोजायचं, तेही लोखंडी जहाजातून!

आज थेट अंटार्क्टिकाकडे जाऊ या. तिथल्या दक्षिण महासागरात पृष्ठभागावरच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड बऱ्याच ठिकाणी लिटरमागे ०.१ नॅनोमोलपेक्षाही कमी असतं. आकडा डोक्यावरून गेला ना? मग असं बघा : एक ग्रॅम लोखंड जवळजवळ १८ कोटी लिटर पाण्यात. उन्हाळ्यात गावात येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर १८ हजार टँकर!

आता हे मोजायला जाणार कशातून? लोखंडी जहाजातून. विंच लोखंडाची, तार पोलादी, डेकवर गंज. डोळ्याला जेमतेम दिसणारा गंजाचा एक कण नमुन्यात पडून विरघळला, तरी आकडा शेकडो पटींनी फुगतो. कित्येक वर्षं तेच झालं. शास्त्रज्ञ समुद्र मोजतोय असं समजत होते, आणि मोजत होते स्वतःचंच जहाज.

याचा फटका मोठा होता. दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर, तरी तिथं सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती-प्लवक, फारसे वाढत नाहीत. का? लोखंडावर संशय घेणारे होते, पण जुने आकडे सांगत होते की लोखंड पुरेसं आहे.

शिशाच्या बाबतीत हा घोळ आधी क्लेअर पॅटरसन यांनी उघड केला होता. लोखंडाचा उलगडा केला कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या जॉन मार्टिन यांच्या गटानं. पद्धत ऐकाल तर घरातल्या सोवळ्याची आठवण येईल. बाटल्या प्लास्टिकच्या, आणि त्यासुद्धा कित्येक दिवस ॲसिडमध्ये बुडवून धुतलेल्या. पोलादी तारेऐवजी केव्हलारचा दोर. गाळलेल्या हवेची बंद खोली, हातमोजे, अंगावर धूळ न सोडणारे कपडे. नमुना बारीक फिल्टरमधून गाळायचा, अतिशुद्ध ॲसिड घालायचं, मग खास रेझिनवरून सोडायचा. रेझिन लोखंड धरून ठेवतं, मीठ निघून जातं. जमलेलं लोखंड शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचं.

पण माझ्या मते खरी गंमत 'ब्लँक'मध्ये आहे. शुद्ध पाणी घेऊन तीच सगळी प्रक्रिया करायची. त्यात जे लोखंड सापडेल ते आपण घातलेलं! ते आकड्यातून वजा करायचं. ब्लँकच नमुन्याएवढा आला, तर त्या दिवशीचं काम गेलं पाण्यात.

१९८८मध्ये मार्टिन आणि स्टीव्ह फिट्झवॉटर यांनी दाखवलं, की ईशान्य पॅसिफिकच्या स्वच्छ नमुन्यात चिमूटभराहून कितीतरी कमी लोखंड घातलं तरी प्लवक वाढतात. १९९३मध्ये भर समुद्रात पहिला प्रयोग झाला, पण त्याच्या काही महिने आधीच मार्टिन गेले.

आपल्या गोव्याचाही यात हात आहे बरं का. २००९मध्ये दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये 'लोहाफेक्स' प्रयोग केला. नावातला 'लोहा' हिंदीतला. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पट्ट्यात टनावारी फेरस सल्फेट सोडलं. प्लवक वाढले, पण हवेतला कार्बन खोल नेतील अशी आशा होती, तेवढं काही झालं नाही. तिथल्या पाण्यात सिलिकेट कमी होतं, त्यामुळे काचेसारखं कवच बांधणारे डायटम वाढलेच नाहीत. जे वाढले त्यांचा फडशा छोट्या प्राणी-प्लवकांनी पाडला.