अपघाताची वर्दी दोन राज्यांत, खबर एकातही नाही

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला महामार्ग, जो पूर्वी सहा क्रमांकाचा होता आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा झाला आहे, रायपूर शहर ओलांडताना तेलीबांधा तलावाच्या काठाने जातो. या काठाला रायपूरकरांनी ‘मरीन ड्राइव्ह’ असे नाव दिले असून, राजधानीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना त्या नावाची गंमत वाटते. याच महामार्गाने महासमुंद आणि बलौदाबाजारकडचा मजूर नागपूर-पुण्याच्या बांधकामांवर जातो. विदर्भातला फिटर, वेल्डर किंवा सुपरवायझर सिलतरा आणि उरला येथील कारखान्यांत कामाला येतो तोही याच मार्गाने. दोघांच्या प्रवासाची दिशा उलट असली तरी प्रश्न एकच आहे. यांपैकी एखादा कामावर दगावला, तर त्याची वर्दी कोणी, कोणाला आणि किती वेळात द्यायची?

कागदोपत्री उत्तर जुने आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ८८ व्या कलमाने मृत्यूची, तसेच कामगाराला अठ्ठेचाळीस तास वा अधिक काळ कामावर येणे अशक्य करणाऱ्या दुखापतीची सूचना देण्याचे बंधन व्यवस्थापकावर घातले. केंद्राच्या नमुना नियमांवर बेतलेल्या राज्यांच्या नियमांत तपशील आला : प्राणघातक अपघाताची खबर तत्काळ निरीक्षकाला, जिल्हा दंडाधिकाऱ्याला, जवळच्या पोलीस ठाण्याला आणि नातेवाइकांना, त्यानंतर बारा तासांत लेखी अहवाल. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्यात असेच कलम होते. १९२३ च्या भरपाई कायद्याने सात दिवसांत आयुक्तांकडे वेगळा अहवाल मागितला. आणि १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने एक पाऊल पुढे टाकून सोळाव्या कलमात म्हटले, की अशा कामगाराचा मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास ठेकेदाराने दोन्ही राज्यांच्या विनिर्दिष्ट प्राधिकाऱ्यांना आणि कामगाराच्या निकटच्या नातलगाला कळवावे.

दोन्ही राज्यांना! ही तरतूद वाचणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला तिच्यामागची दूरदृष्टी जाणवेल. पण कायद्याची व्याख्या मुळातच अरुंद होती. ठेकेदाराने भरती करून आणलेला मजूरच तिच्यात बसत असे. स्वतःहून रेल्वेत बसून आलेला, गावच्या ओळखीने कामाला लागलेला माणूस तिच्याबाहेर राहिला, आणि स्थलांतरितांपैकी असंख्य लोक असेच येतात.

त्याचे भयंकर रूप कोरब्यात दिसले. २३ सप्टेंबर २००९ रोजी बाल्कोच्या वीजप्रकल्पाची बांधकामाधीन चिमणी कोसळून किमान चाळीस कामगार गाडले गेले. काम चिनी कंपनीकडे, तिच्याखाली भारतीय उपठेकेदार, आणि मजुरांत परप्रांतीयांचा मोठा भरणा. २००१ मध्ये बाल्कोचे निर्गुंतवणुकीकरण झाले तेव्हा कामगारांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला होता आणि अजित जोगी सरकारने केंद्राशी उघड संघर्ष मांडला होता. त्यामुळे दुर्घटनेनंतर डॉ. रमणसिंह सरकारच्या काळात झालेल्या चर्चेला राजकीय धार येणे स्वाभाविक होते. पण त्या गदारोळात साधा प्रश्न मागे पडला : त्या दिवशी चिमणीखाली कोण कोण होते? मृतांचा आकडा वृत्तांगणिक बदलत राहिला. मालक, ठेकेदार, उपठेकेदार आणि मुकादम अशी चार हातांतून गेलेली हजेरी ज्या यंत्रणेत असते, तेथे वर्दी कोणाची आणि कोणाविषयी, हे ठरवण्यातच दिवस जातात.

मे २०२४ मध्ये बेमेतरा जिल्ह्यातील पिरदा येथील स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा याचीच वेगळी आवृत्ती घडली. एक मृतदेह हाती लागला. बेपत्ता कामगारांचे नातेवाईक कारखान्याबाहेर बसून राहिले आणि अवशेषांची डीएनए तपासणी करावी लागली. स्फोटकांच्या कारखान्यातील अपघाताची वर्दी १८८४ च्या स्फोटक कायद्यानुसार पोलीस ठाण्याबरोबरच मुख्य नियंत्रकांकडे जाते, आणि त्यांचे कार्यालय नागपुरात आहे. म्हणजे पिरद्याचा कागद नागपूरला पोहोचतो. पण मजूर परगावचा असेल तर त्याच्या गावच्या तहसीलीत पोहोचेलच असे नाही. नागपूर जिल्ह्यातील बाजारगाव येथे डिसेंबर २०२३ मध्ये नऊ आणि धामणा येथे जून २०२४ मध्ये किमान पाच कामगार अशाच कारखान्यांत बळी गेले होते. स्फोटकांच्या बाबतीत छत्तीसगड आणि विदर्भ यांची वेदना एकच आहे.

सार्वजनिक क्षेत्रात चित्र थोडे वेगळे दिसते. भिलाई पोलाद कारखान्यात जून २०१४ मध्ये वायुगळतीने सहा जण दगावले, त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या वायुवाहिनीतील आगीत प्रथम नऊ मृत्यू झाले, पुढे रुग्णालयात आणखी काही. तेथे खबर लपणे अशक्य होते. मृत्यू दडवता येत नाही. दडवता येते ती दुखापत. हे विधान आकड्यांवर तपासून पाहता येते. मुंबईत शीव येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाने माहिती अधिकारात दिलेल्या आकड्यांनुसार, २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी सरासरी १,१०९ मृत्यू आणि चार हजारांवर जखमी नोंदले गेले. म्हणजे एका मृत्यूमागे जेमतेम चार जखमी. ब्रिटनमध्ये २०२२-२३ साली १३५ कामगार दगावले आणि मालकांनी कळवलेल्या दुखापती होत्या ६०,६४५. एका मृत्यूमागे सुमारे साडेचारशे. तेथे तर सात दिवसांहून अधिक काळ कामावर न येणाऱ्याचीच सर्वसाधारण दुखापत कळवावी लागते. आपल्या कारखान्यांत यंत्रे केवळ जीवच घेतात आणि बोटे शाबूत ठेवतात, असे मानायचे काय?

कारण शोधायला लांब जावे लागत नाही. रोजंदारीवरचा माणूस जखमी झाला की दुसऱ्या दिवसापासून तो हजेरीवर नसतो. अठ्ठेचाळीस तासांची अट मोजायला तो कामावर असावा लागतो. ठेकेदार त्याला दवाखान्याचा खर्च आणि गावच्या गाडीचे भाडे देतो, आणि प्रकरण मिटते.

मृत्यूच्या बाबतीत मिटवण्याची जागा म्हणजे कारखान्याचे फाटक. शव फाटकावर ठेवायचे, गावकऱ्यांनी बसायचे, तहसीलदार आणि ठाणेदारांच्या साक्षीने रक्कम ठरायची, एखाद्या वारसाला नोकरीचे आश्वासन मिळायचे. दरम्यान राजधानीतून सानुग्रह अनुदानाची घोषणा होते. ती दयाबुद्धीने दिली जाते आणि तिच्यावर कोणाचा हक्क नसतो. हक्काची भरपाई ही निराळी गोष्ट. १९२३ च्या कायद्याच्या आठव्या कलमानुसार मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागे. परस्पर दिलेली रक्कम, थोडी आगाऊ उचल सोडल्यास, भरपाई म्हणून धरलीच जात नसे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हेच तत्त्व पुढे चालवले आहे. फाटकावर अंगठा उठवणाऱ्या विधवेला हे सांगण्याची जबाबदारी तेथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची आहे. मात्र त्याचे तातडीचे काम शव हलवून रस्ता मोकळा करणे हे असते. गेल्या सप्टेंबरअखेरीस, म्हणजे २६ सप्टेंबर २०२५ रोजी, सिलतऱ्यातील पोलाद कारखान्यात बांधकाम कोसळून सहा जण गेले, तेव्हाही राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर भरपाईच्या रकमेचीच चर्चा प्रथम झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अंमलात आली आहे. तिच्या दहाव्या कलमात मृत्यू आणि अठ्ठेचाळीस तासांच्या दुखापतीची सूचना कायम आहे. मृत्यूच्या प्रकरणी चौकशी दोन महिन्यांत व्हावी असे म्हटले आहे. जुन्या कारखाने कायद्यात ती मुदत एक महिन्याची होती. सूचनेची वेळ आणि रीत मात्र संबंधित सरकारच्या नियमांवर सोपवली आहे. कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही. दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. हा बदल स्वागतार्ह म्हणावा लागेल. स्थलांतरिताची व्याख्याही विस्तारली असून, स्वतःहून आलेला, मालकाने थेट कामावर घेतलेला कामगार तिच्यात आला आहे. दोन्ही राज्यांना आणि नातलगाला कळवण्याचे कर्तव्य साठाव्या कलमात शब्दशः टिकले आहे.

पण कलम ५९ वाचल्याशिवाय साठ वाचण्यात अर्थ नाही. १९७९ च्या कायद्यात पाच आंतरराज्य कामगार असले तरी तो लागू होत असे. आता मर्यादा दहाची आहे. तेलीबांध्यावरून नव्या रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एखाद्या इमारतीवर मुकादमाने भंडारा-गोंदियाहून नऊ माणसे आणली असतील आणि त्यांतला एक पराती घेऊन सातव्या मजल्यावरून खाली आला, तर रायपूरच्या कार्यालयात त्याची वर्दी पडेल. महाराष्ट्राला आणि त्याच्या घरी कळवण्याचे कलम ६० चे बंधन कोणावरही असणार नाही.